राजभवनातील पहिली महिला : सरोजिनी नायडू

१५ ऑगस्ट १९४७ रोजी श्रीमती सरोजिनी नायडू यांनी लखनौ येथे संयुक्त प्रांताच्या, म्हणजेच नंतरच्या उत्तर प्रदेशाच्या, गव्हर्नरपदाची सूत्रे स्वीकारली. स्वतंत्र भारतातील त्या पहिल्या महिला राज्यपाल होत.

हा मान त्यांना अनायासे लाभला नव्हता. १३ फेब्रुवारी १८७९ रोजी हैदराबाद येथे जन्मलेल्या सरोजिनीबाईंनी इंग्रजी कवयित्री म्हणून कीर्ती मिळविली. १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटून स्त्रियांसाठी मताधिकार मागणाऱ्या शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनीच केले. १९२५ च्या कानपूर काँग्रेसच्या त्या अध्यक्षा होत्या. १९३० मध्ये धारासना येथील मिठाच्या सत्याग्रहात त्या अग्रभागी राहिल्या, तर १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात गांधीजींसमवेत स्थानबद्ध होत्या. मताधिकाराच्या मागणीपासून राजभवनापर्यंतचा हा प्रवास तीस वर्षांचा आहे.

मात्र, हाती आलेले पद सत्तेचे नव्हते. १९३५ च्या कायद्याने गव्हर्नरांना दिलेले विवेकाधिकार १९४७ मध्ये वगळण्यात आले होते. कारभाराची धुरा मुख्यमंत्री पंडित गोविंद वल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळाकडे होती. आयुष्यभर सभा गाजविणाऱ्या या लोकनेत्रीला आता पदाच्या मर्यादा पाळावयाच्या होत्या. २ मार्च १९४९ रोजी लखनौ येथे निधन होईपर्यंत त्या या पदावर होत्या.

मग अशा पदाचे मोल ते काय? परकीय सत्तेचे प्रतिनिधी ज्या आसनावर बसत, तेथे त्या सत्तेचा कारावास भोगलेली एक भारतीय स्त्री बसली. राज्याचे सर्वोच्च पद स्त्रीला वर्ज्य नाही, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे १९५६ मध्ये त्यांच्या कन्या पद्मजा नायडू पश्चिम बंगालच्या आणि १९६२ मध्ये श्रीमती विजयालक्ष्मी पंडित महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. २००७ मध्ये महाराष्ट्रकन्या श्रीमती प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या.

या चरित्रातून ग्रामपंचायतींनीही एक बोध घ्यावयास हवा. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. सरपंचाचे पद शोभेचे नाही. ग्रामसभेचे अध्यक्षस्थान आणि पंचायतीचा कारभार यांची जबाबदारी त्या पदावर असते. राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे, ही घटनेची अपेक्षा होय. परंतु महिला सरपंचाने केवळ सही करावी आणि निर्णय घरातील पुरुषाने घ्यावा, अशी अपेक्षा कोणत्याही कायद्यात नाही. अधिकार मर्यादित असलेल्या पदाला सरोजिनीबाईंनी प्रतिष्ठा दिली. अधिकार असलेले पद केवळ शोभेचे होऊ न देणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.