बैलाचा सराव : किती पळवायचं, कुठं थांबायचं?

पौष पौर्णिमेला थापलिंगला खंडोबाची यात्रा भरली की जुन्नर-आंबेगावात घाटांचा हंगाम अंगात येतो. चैत्र-वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा चालतात आणि गाडामालकांच्या घरी सरावाची धांदल उडते. "पोरांनो, अजून एक फेरा काढा," ही हाक प्रत्येकाच्या ओळखीची आहे. पण हा 'अजून एक' फेरा बैलाला झेपतो का, याचा विचार किती जण करतात?

हे दिवस आपल्याला सहज मिळालेले नाहीत. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. काठी, चाबूक, पिराणी, विजेचा झटका यांना मनाई आहे. शर्यतीच्या दिवशी हे बघायला माणसं असतात. सरावाच्या रानात मात्र मालकाशिवाय कोणी नसतं. बैलाचं खरं नुकसान होतं ते तिथंच.

घाटातली बारी काही सेकंदांची असते. तेवढ्यासाठी रोज दमेपर्यंत पळवल्यानं वेग वाढत नाही. स्नायूंना ताण बसतो सरावात, पण ते भरून येतात विसाव्यात. विसावाच दिला नाही तर बैल दिवसेंदिवस उतरत जातो आणि मालक म्हणतो, "आळशी झालाय, जरा ताणा." इथंच चूक होते.

दुसरी गोष्ट उन्हाची. पुढची घोडी घामानं निथळते आणि थंड होते. बैलाला तेवढा घाम येत नाही, अंगातली बरीच उष्णता तो धापेवाटे बाहेर टाकतो. म्हणून घोडीचा दम बघून बैलाला पळवू नका. सराव सकाळी लवकर उरका. पळताना बैलानं तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, लाळ गळू लागली तर तिथंच थांबा. सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, पाणी थोडं थोडं पाजा.

वयही बघा. आदत खोंडाची हाडं अजून वाढत असतात. त्याला चालवा, माणसाळवा, जुवाची सवय लावा. पण मोठ्या बैलांच्या बरोबरीनं चढाला पळवू नका. आज हौसेनं पळवलेला खोंड चौसा होईपर्यंत पायातून गेला, तर पैसाही गेला आणि जनावरही.

मग बैल पुरेसा पळाला हे कळायचं कसं? त्याला यंत्र लागत नाही. सकाळी बैल शांत उभा असताना मिनिटभर कुशीची उचल मोजा आणि गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. फेऱ्यानंतर पुन्हा मोजा. दहा-पंधरा मिनिटांत धाप उतरायला लागली नाही, तर त्या दिवशी दुसरा फेरा नको.

दुसऱ्या दिवशीची सकाळ तर सगळंच सांगते. बैल गव्हाणीवर तुटून पडला, रवंथ नीट करतोय, चारही पायांवर सारखा उभा आहे, तर कालचा सराव त्याला मानवला. वैरण तशीच राहिली, पाय उचलून धरतोय, खूर हाताला गरम लागतोय, तर सराव बंद ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. वेदनेचं इंजेक्शन देऊन पळवणं म्हणजे दुखणं झाकून पाय मोडणं.

तालमीतला जुना वस्ताद पोराला जोर काढायला लावतो, तसा वेळ आली की "आता बस" असंही सांगतो. गाडामालकानंही तसंच वागावं.

सरपंच, पोलीस पाटील आणि यात्रा कमिटीच्या मंडळींनाही एक विनंती. यात्रेच्या बैठकीत बक्षिसांची चर्चा होते, तेव्हाच सरावाचाही विषय घ्या. दुपारचा सराव गावात नको, एवढं तरी एकमतानं ठरवा. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सरावाच्या रानातही लागू आहे, हे पोरांना समजावून सांगा. परवानगी अटींवर मिळाली आहे. ती टिकवायची असेल, तर सुरुवात आपल्या गोठ्यापासून करावी लागेल.