वेगाचा जमाखर्च

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात मी आयुष्यातील पहिली ट्रायथलॉन स्पर्धा पूर्ण केली. 'पूर्ण केली' एवढेच म्हणता येईल. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असे तिचे स्वरूप होते. पाण्यातून बाहेर पडलो तेव्हा मी स्पर्धकांच्या मध्यावर होतो. सायकलीवर बसलो आणि मग जो येई तो मला मागे टाकून जाई. महाविद्यालयीन मुले गेली, माझ्याहून वयाने मोठे गृहस्थ गेले, एक ज्येष्ठ भगिनी तर 'चला, चला' असा धीर देत पुढे निघून गेल्या. २० किलोमीटरला मला ५६ मिनिटे लागली आणि त्यानंतर धावण्यासाठी पायांत त्राण उरले नव्हते.

आमचे घर नावडे येथे आणि व्यवसाय कळंबोलीच्या लोखंड बाजारात. दिवसाचे दहा तास गादीवर बसून सळ्या-पत्र्यांचे भाव बोलण्यात जातात. तीन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा विकार पन्नाशीत जडला होता. मी तेव्हा पंचेचाळिशीकडे झुकलेला. तो अहवाल खणात ठेवून विसरून जाणे शक्य नव्हते. चालण्यापासून आरंभ झाला, पुढे पोहणे आले आणि पुतण्याच्या आग्रहाने सायकलही आली.

आता डोळ्यांसमोर गोव्याची अर्ध-आयर्नमॅन स्पर्धा आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात ती गोव्यात प्रथम भरली. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल, शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, असे एकूण ११३ किलोमीटर. याच्या दुप्पट अंतराची पूर्ण आयर्नमॅन मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिच येथे पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण केली होती. तेव्हा वय ही सबब चालणार नव्हती. अडचण हिशेबाची होती. या स्पर्धेत प्रत्येक टप्प्यास वेळेची मर्यादा असते. सामान्यतः पोहण्यास १ तास १० मिनिटे मिळतात आणि आरंभापासून साडेपाच तासांच्या आत सायकल संपवावी लागते. माझ्या गतीने पोहणे आणि कपडे-बूट बदलणे यांत सव्वा तास धरला, तर ९० किलोमीटरसाठी सव्वाचार तास उरतात. म्हणजे ताशी किमान २१ किलोमीटरहून थोडा अधिक वेग. २० किलोमीटरच्या छोट्या स्पर्धेत धापा टाकीत मी जेमतेम तेवढाच वेग गाठला होता. तो चार तास कसा टिकावा?

तेव्हा मी प्रथम काय केले? व्यापाऱ्याने करावे तेच. वेग विकत घेतला. कार्बनची महागडी चाके आणली. नंतर दररोज पहाटे, जणू मागे कोणी लागले आहे अशा आवेशाने, सायकल दामटू लागलो. महिन्याभरात उजवा गुडघा दुखू लागला, सरासरी वेग होता तेथेच राहिला आणि सौभाग्यवतींच्या म्हणण्यानुसार माझा स्वभाव मात्र चिडका झाला. एका संध्याकाळी बाबूजी म्हणाले, "बेटा, दुकानात नफा दिसेनासा झाला, की आपण लगेच नवा माल भरतो का? आधी गोदामात गळती कुठे आहे ते पाहतो. तुझे पाय कष्ट भरपूर करतात. ते कष्ट जातात कुठे, ते शोध."

दुसऱ्या दिवशी मी एक वही घातली. पुढे जे लिहितो आहे, ते त्या वहीतील आहे.

पहिली गळती : बैठक

गुडघा का दुखतो, याचे उत्तर सीटच्या उंचीत निघाले. पाय जमिनीला सहज टेकावेत म्हणून मी सीट बरीच खाली ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक फेरीत गुडघा अवाजवी वाकत होता आणि मांडीचे स्नायू अर्धेच काम करीत होते. घरच्या घरी तपासण्याची रीत सोपी आहे. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला तर उंची योग्य. प्रत्यक्ष चालविताना पंजा पायडलवर येतो आणि गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. माझी सीट जवळजवळ तीन सेंटीमीटर वर गेली. गुडघ्याचे दुखणे तीन आठवड्यांत ओसरले.

याच जोडीची दुसरी चूक गिअरची. जड गिअर लावून जोर काढणे म्हणजेच ताकद, अशी माझी समजूत होती. माझे पायडल मिनिटाला ६० फेऱ्या घेत होते. हलका गिअर घेऊन ८० ते ९० फेऱ्या घेतल्या, तर प्रत्येक फेरीत स्नायूंवरचा ताण कमी होतो. त्याचा काही भार हृदय-फुप्फुसांवर जातो खरा, पण पुढे धावायचे असताना पाय ताजे राहणे अधिक मोलाचे.

दुसरी गळती : वारा

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने जाणारा सायकलस्वार आपली बहुतांश शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च करतो. ही शक्ती वेगाच्या घनप्रमाणात वाढते. २५ वरून ३० वर जाण्यास वेग २० टक्केच वाढतो. परंतु हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. आणि हवेला अडथळा करणारी मुख्य वस्तू सायकल नसून तिच्यावर बसलेला देह असतो. मग चाकांवर लाख रुपये घालण्यापूर्वी देह आवरून बसणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?

मी ताठ बसत असे आणि अंगावर फडफडणारा सैल सदरा असे. आता कोपरे वाकवून, हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवून, खांदे आत घेऊन बसतो. आरंभी पाठ दहा मिनिटांत तक्रार करी. म्हणून दर आठवड्यास पाच-पाच मिनिटे वाढवीत गेलो आणि पोट व कमरेचे व्यायाम जोडीला घेतले. तेवढ्याच कष्टात वेग ताशी दीड किलोमीटरने वाढला. यात एक पैसाही खर्च झाला नाही.

टायरचेही असेच. हवा जितकी कडक तितका वेग अधिक, असे मी मानीत होतो. आपल्या खडबडीत रस्त्यांवर अति कडक टायर उसळतो आणि पुढे जाण्याची शक्ती उड्या मारण्यात जाते. माझे वजन ७२ किलो आणि टायर २८ मिलिमीटर रुंदीचे. त्यांत मी आता ७० ते ७५ पीएसआय हवा ठेवतो, दर आठवड्यास मोजतो आणि साखळी पुसून तेल देतो.

तिसरी गळती : रोजचा आवेश

सर्वांत मोठी गळती मात्र येथे होती. मी दररोज मध्यम-जोरात सायकल चालवीत होतो. विश्रांती म्हणावी इतके ते सौम्य नव्हते आणि क्षमता वाढावी इतके तीव्रही नव्हते. सहनशक्तीच्या खेळांतील उत्तम खेळाडूंचा सराव अभ्यासणाऱ्यांना असे आढळले आहे, की त्यांच्या सरावाचा सुमारे ८० टक्के भाग सौम्य असतो आणि थोडाच भाग खरोखर कठीण असतो. सौम्य म्हणजे किती? शेजारच्या सायकलस्वाराशी पूर्ण वाक्यात बोलता यावे इतके.

आता माझा आठवडा असा असतो. मंगळवारी रात्री घरातील ट्रेनरवर आठ-आठ मिनिटांच्या चार कठीण फेऱ्या, मध्ये तीन मिनिटे विसावा. शुक्रवारी वीस-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या, किंचित कमी जोराने. रविवारी ६० ते ८० किलोमीटरची संथ फेरी आणि उतरताच पंधरा मिनिटे धावणे, म्हणजे पायांना या अदलाबदलीची सवय होते. इतर एक-दोन पहाटे तासभर शांतपणे सायकल, आणि सोमवारी पूर्ण विश्रांती. महिन्यातून एकदा ट्रेनरवर वीस मिनिटे पूर्ण शक्तीने चालवून सरासरी वॅट वहीत लिहितो. आरंभी १४२ होते; आज १७८ आहेत.

विश्रांती हाही वेगाचाच भाग आहे, हे मला पर्युषणाने शिकविले. त्या आठ दिवसांत मी एकासणे केली आणि सायकल पूर्ण बंद ठेवली. तप आणि कठोर व्यायाम एकत्र करू नयेत, असे डॉक्टरांनी बजावले होते. सारी कमाई बुडाली, या धास्तीने नवव्या-दहाव्या दिवशी सायकलीवर बसलो, तर पाय महिन्याभरात नव्हते इतके हलके. आठवड्याभरात क्षमता फारशी घटत नाही. साचलेला थकवा मात्र उतरतो. २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दोघांच्या संघाची रीतच अशी असते, की एक सायकलीवर असताना दुसरा विसावतो. न थांबणारा वेगही विश्रांतीच्या आधारावरच उभा असतो.

चौथी गळती : रिकामे पोट

आपल्या घरांतील वाचकांच्या मनात येथे प्रश्न आला असेल. सराव पहाटे आणि नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. आपल्या भागात जूनमध्ये ती पावणेसातच्या सुमारास येते, तर जानेवारीत आठ वाजतात. मी व्रत मोडले नाही, सरावाची मांडणी बदलली. पहाटेची फेरी तासाभराची आणि सौम्यच ठेवली. निरोगी शरीरातील साठा तेवढ्यास पुरतो. उन्हाळ्यात ती आणखी आखूड करतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रविवारची लांब फेरी नवकारसी पारल्यावरच सुरू होते. संध्याकाळचा डबा सूर्यास्तापूर्वी पेढीवर घेतो. आणि ट्रेनरवर घाम गाळण्याच्या दोन रात्री चौविहाराऐवजी तिविहार करतो, म्हणजे उकळलेले पाणी घेता येते. स्पर्धेच्या दिवसाचे काय करावे, हे गुरुमहाराजांना विचारून ठरविले आहे. ज्याने त्याने आपल्या शक्तीनुसार ठरवावे.

दीड तासाहून लांब फेरीत दर तासास ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. बाजारातील काही जेलमध्ये मध असतो, चघळण्याच्या गोळ्यांत पुष्कळदा जिलेटिन. म्हणून वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय घेऊ नये. माझ्या खिशात राजगिऱ्याची चिक्की, बिया काढलेला खजूर आणि पिकलेले केळे असते. परदेशी सायकलस्वार मीठ लावलेले उकडलेले बटाटे बरोबर नेतात. आमच्या घरी त्यांची जागा उकडलेल्या कच्च्या केळ्याने घेतली. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात तीस ग्रॅम गूळ, लिंबू आणि चिमूटभर मीठ घातले, की एका तासाची सोय होते. भूक लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी थोडे थोडे घ्यावे.

रस्ता

नावड्यात राहणाऱ्यास एक गोष्ट विसरून चालत नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीचे ट्रेलर पहाटेही थांबत नाहीत. माझाच माल अशा ट्रेलरवरून येतो, त्यामुळे चालकाला उंच बैठकीवरून डावीकडचे किती कमी दिसते, हे मला ठाऊक आहे. मुंब्रा-पनवेल महामार्गावर मी सराव करीत नाही. पेंधरवरून मेट्रोच्या सोबतीने खारघर, तेथून बेलापूर आणि पुढे पामबीच रस्ता, असा माझा रविवारचा मार्ग असतो. हेल्मेट, मागे लाल दिवा आणि उजाडल्यावरच बाहेर पडणे, या तीन अटी सौभाग्यवतींनी घातल्या. त्या मोडण्याची मला मुभा नाही. वेगाचे कठीण काम घरातील ट्रेनरवर उरकण्याचे खरे कारणही हेच. रस्त्यावर घड्याळाकडे पाहणारा मनुष्य रस्त्याकडे पाहत नाही.

या हिवाळ्यात त्याच स्पर्धेत, त्याच मार्गावर पुन्हा उतरलो. पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हात राखून चालविले, अनेकजण पुढे गेले, मी जाऊ दिले. शेवटच्या पाच किलोमीटरांत त्यांतील बरेच मागे पडले. २० किलोमीटरला ४५ मिनिटे लागली आणि मुख्य म्हणजे धावताना पाय सोबत होते. रविवारच्या ८० किलोमीटरची सरासरी ताशी २४ वर आली आहे. गोव्याचे सव्वाचार तास आता कागदावर तरी जमतात. साखरेचा अहवालही उंबरठ्याच्या अलीकडे आला आहे.

कार्बनची ती चाके मी विकली. घेतलेल्या किमतीच्या निम्मेही आले नाहीत. नुकसान कोणत्या खात्यावर घालावे, असे बाबूजींना विचारले. ते हसून म्हणाले, "शिकवणीच्या खात्यावर लिही."

वहीत तसेच लिहिले आहे.