बदकांची बंदूक

'स्प्लाटून' या जपानी गेममध्ये हत्यारांचं एक दुकान आहे. गल्ल्यावर घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा एक खेकडा बसतो, नाव शेल्डन, आणि गिऱ्हाइकाने विचारो न विचारो, प्रत्येक मालाची कुंडली तो ऐकवत सुटतो. रंगाचे रोलर, ब्रश, बादल्या असल्या सामानात करड्या रंगाची, उघडच प्लॅस्टिकची वाटणारी एक बंदूक असते: एन-झॅप ८५. तिचीच नारिंगी बहीण एन-झॅप ८९, आणि तिसरी एन-झॅप ८३. बारा वर्षांच्या पोराला ती हलकी, पळता पळता चालवायला बरी, एवढंच ठाऊक असतं. त्याच्या बापाला मात्र ती दिसल्याबरोबर बदकं आठवतात.

नावांतले आकडे साल सांगतात. १९८३ मध्ये निन्टेन्डोचं 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानात विक्रीला आलं. १९८५ मध्ये तेच रूप पालटून 'एनईएस' म्हणून अमेरिकेत गेलं आणि त्याच्यासोबत 'झॅपर' ही करडी बंदूक गेली. जपानी बंदूक काळी, काउबॉयच्या रिव्हॉल्व्हरसारखी होती. अमेरिकेसाठी तिला अंतराळवीराच्या हातात शोभेल असं रूप दिलं. तरी खेळण्यातली बंदूक खरी वाटू नये म्हणून १९८८ साली तिथे कायदा झाला आणि त्यानंतरची झॅपर नारिंगी झाली. म्हणून ८९.

आपल्याकडे झॅपर स्वतः क्वचितच आली. आल्या त्या तिच्या नकला. तैवान-चीनमधल्या कारखान्यांनी फॅमिकॉमच्या स्वस्त प्रती काढल्या आणि त्या नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम' या नावाने लॅमिंग्टन रोडवर, मनीष मार्केटात मिळू लागल्या. सामुराई, लिटल मास्टर ही नावं त्या पिढीला पाठ आहेत. खोक्यात दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि नशीब असेल तर बंदूक. नकली बंदूक कधी पिस्तूल असे, कधी लांब नळीची रायफल. आतला मसाला एकच.

हाच काळ मुंबईच्या वेशीवरच्या मीरा रोडच्याही वाढीचा. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाख होती, २००१ मध्ये ५ लाख २० हजार झाली. मुंबईतल्या चाळीची खोली विकून माणसं पूर्वेकडच्या शांतीनगरात, हाटकेशच्या गाळ्यांच्या आसपास उठणाऱ्या इमारतींत येत होती. वन रूम किचनच्या त्या घरांत टीव्ही एकच, तोही बाबांच्या मालकीचा. मागच्या अँटेनाच्या भोकात वायर खुपसायची, मुंग्यांतून चित्र सापडेपर्यंत चॅनेल जुळवायचा आणि बातम्यांच्या आधी सगळं आवरायचं. 'गेमने पिक्चर ट्यूब जाते' हा घराघरातला सिद्धांत होता. तसं काही होत नसे, पण त्या सिद्धांताने पोरांचा अभ्यास बराच करून घेतला.

'डक हंट' म्हणजे गवतातून बदकं उडतात ती टिपायची. नेम चुकला की कुत्रा उठून दात काढतो. त्या कुत्र्याला घरच्या गेममध्ये मारता येत नाही. दुकानातल्या नाणी टाकायच्या 'व्हीएस. डक हंट'मध्ये मात्र बोनसच्या फेरीत तोही गोळीच्या टप्प्यात येई. आपल्या पिढीचा हा सूड तिकडच्या पोरांनी आधीच घेतलेला आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना कळली: बंदूक एकाच्या हातात असताना दुसऱ्याने रिमोट घेतला, तर एका बदकाच्या खेळात बदक त्याला हलवता येतं. धाकट्या भावंडांवर किती अन्याय झाला असेल!

आता खरी मेख. ही बंदूक काहीच झाडत नाही. नळीतून किरण निघतो आणि टीव्हीवर आदळतो अशी आपली सगळ्यांची समजूत होती. प्रकार बरोबर उलटा आहे. नळीच्या तळाशी एक भिंग आहे आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा एक छोटा डोळा. चाप ओढला की गेम क्षणभर अख्खा पडदा काळा करतो. पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. आधी अंधार आणि मग उजेड असं डोळ्याला दिसलं की बदक पडलं. दोन बदकं असतील तर एकाचा चौकोन आधी, दुसऱ्याचा त्यानंतरच्या चित्रात. उजेड कितव्या चित्रात दिसला त्यावरून कोणतं बदक ते ठरतं. आपल्या टीव्हीवर सेकंदाला पन्नास वेळा पडदा रंगवला जाई, त्यामुळे हा सारा न्यायनिवाडा एका लुकलुकण्यात उरके. गोळी झाडतो तो टीव्ही; बंदूक नुसती बघते.

ट्यूबलाइटवर नेम धरून फसवण्याची युक्तीही म्हणूनच चालायची नाही. काळ्या चित्राच्या वेळीही उजेड दिसला की गेम तो नेम बाद ठरवतो. शिवाय झॅपरचं सर्किट टीव्हीच्या ओळी ज्या गतीने रंगतात त्या गतीला, सेकंदाला सुमारे पंधरा हजारांच्या ठोक्याला, लावलेलं असतं. स्थिर दिव्याकडे ती ढुंकून बघत नाही. नळी थेट काचेला टेकवून मारणं मात्र हमखास चाले, आणि ते सगळ्यांनी केलेलं आहे.

मुळात हा क्रम असा उलटा नव्हता. १९३६ साली अमेरिकेतल्या सीबर्ग कंपनीने, ज्यूकबॉक्सवाल्या, 'रे-ओ-लाइट' काढली. त्यातही बदकच होतं, पण प्रकाश बंदुकीतून निघे आणि डोळा बदकात असे. उलटापालट झाली ती लष्करी संगणकांत. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेच्या 'सेज' या हवाई संरक्षण यंत्रणेत रडारच्या पडद्यावरचं विमान निवडायला पिस्तुलाच्या आकाराचा प्रकाशग्राहक वापरत. म्हणजे आधी खरी विमानं, मग बदकं.

निन्टेन्डोत ही विद्या आली ती सौरघटाच्या विक्रीतून. मासायुकी उएमुरा हा हायाकावा इलेक्ट्रिकचा, म्हणजे पुढच्या शार्पचा माणूस. सौरघट विकायला तो निन्टेन्डोत गेला. तिथे खेळणी बनवणाऱ्या गुन्पेई योकोईने त्या घटाला चांदमारीचं लक्ष्य करून टाकलं. १९७० मध्ये त्यांची प्रकाशाची बंदूक बाजारात आली. जुनं आणि स्वस्त झालेलं तंत्र भलत्याच जागी वापरावं, हे योकोईचं सूत्र. १९७३ मध्ये ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत त्यांनी मोठ्या चांदमारीचा घाट घातला, पण तेलसंकट आलं, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात रुतली. त्यातून ती वर आली, उएमुराही तिथेच रमला आणि फॅमिकॉम त्यानेच घडवलं. झॅपरला मी निन्टेन्डोच्या उपउत्पादनांत धरत नाही ते यासाठी: फॅमिकॉम घडवणारा माणूस या कंपनीत आला तोच बंदुकीच्या वाटेने.

निन्टेन्डोचीच १९९२ ची 'सुपर स्कोप' ही खांद्यावर घ्यायची तोफ होती. सहा सेल खाणारी, बिनवायरची आणि अवजड. तिच्यासाठी निघालेले गेम जेमतेम डझनभर. खेळणं म्हणून ती आपटली. पण २००१ च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या गेममध्ये ती मैदानात पडलेलं हत्यार म्हणून आली आणि त्याच मालिकेतल्या २०१८ च्या 'अल्टिमेट'पर्यंत टिकली. स्वतःच्या हयातीत मिळालं नाही तेवढं आयुष्य तिला चित्र होऊन मिळालं.

बंदुकीच्या या घराण्याला लोक कंटाळले नव्हते. नव्वदीच्या उत्तरार्धातले 'टाइम क्रायसिस' आणि 'हाउस ऑफ द डेड' हे बंदुकीचे गेम पुढे मॉलमधल्या गेमझोनमध्येही चालत राहिले. घरातली बंदूक मेली ती पडदा बदलल्यामुळे. एलसीडी चित्र आधी साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. पांढरा चौकोन पडद्यावर येईपर्यंत गेमने 'चुकला' म्हणून निकाल दिलेला असतो. पंधरा हजारांचा ठोकाही त्या पडद्याला नसतो. संभाजीनगरजवळच्या चितेगावचा व्हिडिओकॉन आणि वाड्याचा ओनिडा, आपल्याच मुलखात बनलेले हे जाडजूड टीव्ही बंदुकीचं निम्मं अंग होते. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, नेमका जग ट्यूब सोडून निघालं तेव्हा. पुढे ट्यूब गेली आणि पोटमाळ्यावरच्या सगळ्या बंदुका एका फटक्यात आंधळ्या झाल्या.

१९८९ च्या 'बॅक टू द फ्यूचर'च्या दुसऱ्या भागात नायक भविष्यात, २०१५ सालात जातो. तिथे तो निन्टेन्डोचा 'वाइल्ड गनमॅन' हातात बंदूक घेऊन खेळून दाखवतो, आणि हात वापरावे लागतात म्हणून दोन पोरं त्याची टर उडवतात. खरं २०१५ उजाडलं तेव्हा मे महिन्यात स्प्लाटून आला आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या दुकानात एन-झॅप ८५ लागली. त्या गेममध्ये हात वापरावेच लागतात. कंट्रोलरमधला गायरो मनगटाची हालचाल ओळखतो आणि यंत्र हातात तिरकं करून नेम धरता येतो. पडद्याकडे हाताने रोखण्याची ती जुनी सवय वेगळ्या तंत्राने परत आली आहे.

तरीही माझं मत असं, की एन-झॅप ही झॅपरची वारसदार नाही, तिचा पुतळा आहे. आणि पुतळ्याला मूळ व्यक्तीपेक्षा एक गोष्ट जास्त मिळाली आहे: एन-झॅपमधून शाई उडते. आयुष्यभर नुसती बघत बसलेल्या बंदुकीतून पहिल्यांदाच काहीतरी बाहेर पडलं.

तुमच्या पोटमाळ्यावर लिटल मास्टर आणि तिची बंदूक असेल, तर भिंतीवरच्या नव्या टीव्हीला जोडून पाहू नका आणि चालली नाही म्हणून टाकूनही देऊ नका. ती बिघडलेली असेलच असं नाही. तिला ट्यूबचा टीव्ही हवा, आणि त्या पेट्या दर वर्षी कमी होत आहेत. चालू टीव्ही असेल तर दोन्ही एकत्र ठेवा. द्यायचाच झाला तर तो भंगारात फोडायला न देता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, कारण त्या ट्यूबच्या काचेत शिसं असतं.