‘परवानगी नाही’ : संगणकाच्या नकाराचा अर्थ

संगणकाच्या मूळ व्यवस्थेतील एखादी फाइल उघडावी, तीत दोन अक्षरे बदलावीत आणि ती जतन करू जाता यंत्राने ‘परवानगी नाही’ असे रोखठोक उत्तर द्यावे, हा प्रसंग संगणक हाताळणाऱ्यांपैकी पुष्कळांवर येतो. यंत्र बिघडले, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः यंत्र आपले कर्तव्यच बजावीत असते. हा नकार का मिळतो व त्यातून योग्य वाट कशी काढावी, याचा येथे विचार करू.

शाळेच्या जनरल रजिस्टराचे उदाहरण घ्या. कारकून ते उघडून पाहू शकतो. परंतु एखाद्याच्या जन्मतारखेत फेरफार करावयाचा तर सक्षम अधिकाऱ्यांची संमती लागते. संगणकातही असेच आहे. केन थॉम्पसन, डेनिस रिची प्रभृतींनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या प्रणालीचा आरंभ केला. आजच्या युनिक्समध्ये व तिच्याच धर्तीवरील लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक व एक गट असतो. बाकीचे सारे ‘इतर’. या तिघांना वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन मुभा स्वतंत्रपणे दिलेल्या असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ व चालविण्याचा १ असे अंक मानून त्यांची बेरीज मांडतात. ६४४ याचा अर्थ, मालकाने वाचावे व लिहावे. गटाने व इतरांनी केवळ वाचावे.

एवढा बंदोबस्त कशासाठी? ‘होस्ट्स’ नावाची एक लहानशी फाइल पाहा. कोणते नाव कोणत्या पत्त्यावर न्यावे, हे तीत लिहिता येते. ती कोणालाही बदलता आली, तर बँकेचे नाव टाइप करणारा मनुष्य भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचेल. म्हणून तिची मालकी ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याकडे असते. बंदोबस्त ढळला की काय होते, याचा दाखला १९६६ सालचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत सीटीएसएस या प्रणालीवर अनेक जण एकाच यंत्रावर काम करीत. तेथे दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि दैनिक सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द प्रत्येकापुढे येऊ लागले!

नकार मिळताच काही जण त्या फाइलीला ७७७ हा अंक देऊन सर्वांना सर्व मुभा बहाल करतात. किल्ली सापडत नाही म्हणून घराचे दारच उखडून टाकण्याचा हा प्रकार होय. ‘सुडो’ या आज्ञेचे नियम ज्या फाइलीत असतात, तीच अशी सर्वांना खुली केली, तर सुडो त्या नियमांवर विश्वास ठेवीत नाही आणि काम करण्याचेच नाकारतो. म्हणजे सुटकेचा मार्गही बंद!

योग्य रीत अशी. प्रथम ‘एलएस -एल’ या आज्ञेने फाइलीचा मालक कोण व मुभा कोणत्या, हे पाहावे. दुसरे, मूळ फाइलीची एक प्रत काढून ठेवावी. तिसरे, सुडोच्या साहाय्याने त्या एका कामापुरताच अधिकार घ्यावा. १९८०च्या सुमारास निघालेली ही आज्ञा सामान्यतः आपलाच परवलीचा शब्द विचारते आणि कोणी, केव्हा, काय केले याची नोंद ठेवते. ‘सुडोएडिट’ त्याहून सावध आहे : ते आपल्याला तात्पुरत्या प्रतीवर काम करू देते व मग ती मूळ जागी लिहिते. सुडोची नियमावली मात्र ‘व्हीआयसुडो’नेच बदलावी; कारण ते जतन करण्यापूर्वी लेखनातील चूक दाखविते. विंडोज प्रणालीत नोटपॅड ‘प्रशासक म्हणून’ चालवून मग होस्ट्स फाइल उघडावी. काम होताच तो अधिकार सोडून द्यावा. संगणक आपला नसेल, तर त्याच्या व्यवस्थापकाला विचारल्यावाचून यांतील काहीही करू नये.

सारांश, अधिकार हवा तेवढाच, हवा तितकाच वेळ घ्यावा. ज्या नकाराने आपले काम क्षणभर अडते, तोच नकार परक्याचा हात आपल्या फाइलींपासून दूर ठेवीत असतो.