हवेतले ट्रिटियम आणि लघवीची बाटली

आमच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा आय.टी.आय. फिटर असून ठेकेदारामार्फत कैगा येथील अणुवीज केंद्रात देखभालीच्या कामावर जाणार आहे. पत्रात तीन प्रश्न आहेत. तेथे कामगारांची लघवी वरचेवर का तपासतात? छातीवर किरणांचा बिल्ला लावलेला असताना त्याची गरज काय? आणि मुलगा सुट्टीवर घरी आला तर घरच्यांना त्याची बाधा होईल का? प्रश्न अगदी रास्त आहेत. आपल्या भागातली बरीच मुले अशा कामांवर जातात, म्हणून उत्तर सर्वांसाठीच देतो.

कैगाच्या अणुभट्ट्यांत 'जड पाणी' वापरतात. तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या, पण २००५ व २००६ साली सुरू झालेल्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या जड पाण्याच्याच आहेत. जड पाण्यात नेहमीच्या हायड्रोजनऐवजी त्याचा वजनदार भाऊ ड्यूटेरियम असतो. भट्टीतले न्यूट्रॉन त्याच्यावर आदळत राहतात आणि त्यातून तिसरा भाऊ जन्माला येतो, तो ट्रिटियम. पहिले दोघे शांत स्वभावाचे आहेत, हा मात्र किरणोत्सारी. त्याचे निम्मे प्रमाण व्हायला १२.३ वर्षे लागतात.

ट्रिटियमचे किरण अतिशय दुबळे असतात. हवेत ते पाच-सहा मिलिमीटरच जातात, कातडीचा वरचा मृत थरही त्यांना ओलांडता येत नाही. मग भीती कशाची? भीती आहे ती त्याच्या वेषाची. ट्रिटियम पाण्याच्या रूपात असते. एखाद्या व्हॉल्व्हमधून किंवा पंपाच्या सीलमधून जड पाणी झिरपले की त्याची वाफ हवेत मिसळते. तिला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे ती आत जातेच, शिवाय उघड्या कातडीतूनही शोषली जाते. एकूण शिरकावापैकी सुमारे एक तृतीयांश कातडीतून होतो. नाकाला रुमाल बांधणे किंवा धुळीचा मास्क लावणे म्हणूनच निरुपयोगी. वाफ गाळणीत अडकत नाही. गळतीच्या जागी काम करताना बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवलेला प्लॅस्टिकचा पूर्ण पोशाखच हवा. त्यात उकडते, घाम येतो, हालचाल जड होते. तरीही तो मध्येच उघडायचा नाही.

छातीवरचा बिल्ला का चालत नाही, ते आता लक्षात आले असेल. इतके दुबळे किरण बिल्ल्याच्या आवरणातूनही आत जात नाहीत. बिल्ला बाहेरून येणारे किरण मोजतो, आणि ट्रिटियमचा मारा आतून असतो.

म्हणून आधी हवेवर पहारा ठेवतात. एक पद्धत म्हणजे हवा शोषून घेणारी पेटी. तिच्यात किरणांमुळे निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजला जातो. ती तत्काळ घंटा वाजवते हा तिचा गुण. पण आसपासचे गॅमा किरण किंवा हवेतले दुसरे किरणोत्सारी वायू असले तरी ती वाजते, हा दोष. खात्रीसाठी मग ओल्या पद्धती आहेत. पंपाने ओढलेली हवा पाण्याच्या बाटलीतून बुडबुड्यांच्या रूपाने सोडतात, थेट गुडगुडीसारखी! हवेतली ट्रिटियमयुक्त वाफ त्या पाण्यात उतरते. बर्फाचे पाणी घातलेल्या पेल्याला बाहेरून जसे दव सुटते, तसे थंड पृष्ठभागावर हवेतले पाणी गोळा करतात, किंवा औषधाच्या डबीत असते त्या सिलिका जेलने ते टिपतात. या पाण्यात एक विशिष्ट द्रव मिसळला की प्रत्येक किरणागणिक बारीक प्रकाश चमकतो. यंत्र ते चमकारे मोजते. कामाच्या खोल्यांत, धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत आणि केंद्राबाहेरच्या परिसरातही ही मोजणी चालते. बाहेरचे काम पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करते. ती आसपासचे पाणी, दूध, भाजीपालाही तपासते. हे आकडे स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, असे माझे स्वतःचे मत आहे. ज्याच्या विहिरीचे पाणी नेले, त्याला निकाल वाचता यायला हवा.

पण पहारा कितीही चोख असला तरी कोणत्या माणसाच्या अंगात किती गेले, हे हवा सांगत नाही. ते लघवी सांगते. ट्रिटियमचे पाणी दोन-तीन तासांत शरीरातल्या सगळ्या पाण्यात सारखे मिसळते. प्रौढ पुरुषात हे पाणी सुमारे ४० लिटर असते. म्हणजे लघवीत जे प्रमाण, तेच साऱ्या शरीरात. त्यासाठी काम संपल्यावर एकदा लघवी करून मूत्राशय रिकामे करावे आणि दोन तासांनी नमुना द्यावा. लगेच दिलेला नमुना कामापूर्वीच्या लघवीचा असतो व फसवा निघतो. काही मुले कंटाळा करतात, काही 'आकडा जास्त आला तर काम जाईल' म्हणून मित्राची बाटली देतात. असे करू नये. त्या आकड्यावरच तुमचे उपचार ठरतात.

याचे मोठे उदाहरण कैगाचेच आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील कामगारांच्या नेहमीच्या लघवी तपासणीत ट्रिटियम वाढलेले आढळले. शोध घेतला तेव्हा केंद्रात गळती नव्हती. कोणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले होते! पन्नासहून अधिक कामगारांच्या पोटात ते गेले. हवेवरची यंत्रे येथे काय करणार? बाटलीनेच हे उघडकीस आणले.

उपचार आपल्या वाचकांना नवल वाटेल इतका साधा आहे. शरीरातले पाणी बदलत राहते, त्यामुळे ट्रिटियमही सुमारे दहा दिवसांत निम्मे बाहेर पडते, महिन्याभरात आठवा हिस्सा उरतो. (थोडा अंश शरीराच्या घटकांत बांधला जाऊन अधिक काळ राहतो.) भरपूर पाणी, ताक, सरबत घेतले की ही मुदत आणखी कमी होते. गरज पडल्यास डॉक्टर लघवी वाढवणारी औषधे देतात. बिअरच लागते, ही कामगारांतली समजूत खोटी आहे. ताकानेही तेच काम होते. मात्र हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मनाने लिटरच्या लिटर पाणी पिऊ नये.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगतो. आपल्याकडे किरण कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे. सामान्य जनतेसाठी ती १ आहे. पोटाच्या एका सी.टी. स्कॅनला साधारण ८ ते १० लागतात. डोस लहान तर धोका लहान, पण तो शून्य धरत नाहीत. गर्भार स्त्रीने तर आपली अवस्था केंद्राच्या डॉक्टरांना ताबडतोब कळवावी, कारण हे पाणी वारेतून गर्भापर्यंत पोहोचते.

राहिला शेवटचा प्रश्न. मुलाच्या अंगात थोडे ट्रिटियम असले तरी त्याचे किरण अंगाबाहेर येत नाहीत. श्वास-घामातून बाहेर पडते ते नगण्य. त्याचे ताट वेगळे ठेवू नये, लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊ द्यावे. केंद्रातले कामाचे कपडे मात्र तेथेच धुवायला टाकायचे असतात, ते घरी आणायचे नाहीत.