देवी निर्मूलन मोहीम, भारतातील

देवी या प्राणघातक सांसर्गिक रोगाचे भारतातून समूळ उच्चाटन करण्यासाठी केंद्र शासन, राज्य शासने व जागतिक आरोग्य संघटना यांनी संयुक्तपणे राबविलेली मोहीम. केंद्र शासनाने १९६२ मध्ये तिचा आरंभ केला.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत असून सांसर्गिक रोगांच्या आंतरराज्य प्रसारास प्रतिबंध हा समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे निधी व तांत्रिक मार्गदर्शन केंद्राकडे, तर टोचणीदार व जिल्हा यंत्रणा राज्यांकडे अशी विभागणी होती. शीतशुष्कित लस बेळगाव, गिंडी, हैदराबाद व पटवाडांगर येथील संस्थांत तयार होई. प्रारंभी टोचण्यांच्या संख्येवर भर असे. शाळकरी मुलांना पुनःपुन्हा टोचून आकडे वाढत; पण अर्भके व स्थलांतरित मजूर वगळले जात आणि साथी चालूच राहत.

१९७३ मध्ये धोरण बदलले. दरमहा काही दिवस आरोग्य खात्याच्या सर्व कर्मचाऱ्यांनी घरोघर रुग्णशोध करावयाचा, रुग्ण आढळताच त्याचे घर विलग करून सभोवतालच्या सर्वांना टोचावयाचे, अशी ही पद्धत होती. नव्या रुग्णाची खबर देणाऱ्यास बक्षीसही मिळे.

१९७४ मध्ये या सहकार्याची कसोटी लागली. त्या वर्षी देशात सु. १,८८,००० रुग्ण व ३१,००० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांत बिहारचा वाटा सर्वाधिक होता. जमशेटपूरहून गावी परतणाऱ्या मजुरांबरोबर रोग इतर जिल्ह्यांत व राज्यांत गेला. शोध काटेकोर झाल्याने रुग्णसंख्या फुगलेली दिसे. म्हणून सरसकट टोचणीकडे परतावे, असा आग्रह बिहारमध्ये धरला गेला. तथापि नवी पद्धती कायम राहिली. इतर राज्यांतील डॉक्टर व परदेशी साथरोगतज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत नेमण्यात आले. एका राज्यात आढळलेल्या रुग्णाचे मूळ दुसऱ्या राज्यात असल्यास तेथे त्वरित कळविले जाई.

कटिहार जिल्ह्यातील पचेरा गावी मे १९७५ मध्ये देशातील शेवटचा स्थानिक रुग्ण आढळला. त्याच महिन्यात आसाममधील करीमगंज येथे बांगला देशातून आलेला अखेरचा रुग्ण सापडला. आंतरराष्ट्रीय आयोगाने एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित केले. राज्यांचे अधिकार न काढता समान कार्यपद्धती व अखंड माहितीविनिमय यांद्वारे साथ आटोक्यात आणता येते, हे या मोहिमेने दाखवून दिले.