गोंदिया : राजधानी, भाषा आणि दर्जा

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, मध्य प्रदेशातील बालाघाट आणि छत्तीसगडला लागून गोंदिया जिल्हा आहे. मुख्यालय गोंदिया शहर. हे शहर रेल्वेने घडवले. हावडा-मुंबई मार्ग येथून गेला, जबलपूरकडे छोटी लाइन निघाली, चांद्याकडे (चंद्रपूर) फाटा गेला आणि धानाच्या गिरण्यांनी बाजार भरला. यापलीकडे मुख्यालयाबद्दल फार सांगण्यासारखे नाही.

या मुलखाचे खरे राजधानीचे ठिकाण आमगावजवळचे पद्मपूर. दुर्ग भागात सापडलेला वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे. भवभूतीनेही आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून पद्मपुराचे नाव नाटकाच्या प्रस्तावनेत घातले. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी हे दोन्ही धागे जुळवून आमगावजवळचे गाव निश्चित केले आणि वाकाटकांची राजधानी पुढे येथे आली असे मांडले. मोठे अवशेष दिसत नाहीत म्हणून हे मत बाजूला सारणारे अभ्यासक आहेत. पण ज्या गावात पुरेसे उत्खननच झाले नाही, तिथे अवशेष दिसत नाहीत हा पुरावा कसा ठरतो? कालिदासासाठी रामटेकला जे झाले, त्याच्या पासंगालाही पुरेल इतके भवभूतीसाठी पद्मपुरात झालेले नाही.

भाषांच्या बाबतीत हा जिल्हा महाराष्ट्रात फार श्रीमंत आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात त्याच्या बोली तीन वेगवेगळ्या खंडांत विखुरल्या आहेत : गोंडी द्राविडी खंडात, पोवारी पूर्व हिंदीच्या खंडात, तर इथली मराठी आणि हलबी मराठीच्या खंडात. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव या धानपट्ट्यातल्या पोवार घरांत पोवारी बोलतात. पूर्व सीमेकडे छत्तीसगडी ऐकू येते. शहरातला व्यापार बहुतांशी हिंदीत चालतो. सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगावकडे झाडीबोली. ती भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांची. ‘ण’च्या जागी ‘न’ बोलणारी ही मराठी अशुद्ध ठरवून शाळांनी पिढ्यानपिढ्या मुलांना गप्प केले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचे शब्द, लोककथा आणि व्याकरण गोळा करून ती स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे हे दाखवले. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये या बोलीच्या आधाराने जगली. पुण्या-मुंबईच्या काही समीक्षकांनी झाडीबोलीतल्या साहित्याला ‘प्रादेशिक’ म्हणून कोपऱ्यात बसवले, हा अन्याय आहे. प्रमाण मराठीलाही कोणत्या तरी प्रदेशातच जन्म घ्यावा लागला.

गोंडीची स्थिती सर्वांत काळजीची. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांत माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाज येतो; कोया पुनेम या गोंडांच्या धर्मपरंपरेत हे पूर्वजांचे स्थान आहे. शेजारच्या बालाघाटातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली आणि २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी संस्कृतीवर आयुष्यभर लिहिले. तरीही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. जत्रेत गोंडी गाणी म्हणणारी घरे मुलांशी हिंदी किंवा मराठीत बोलू लागली आहेत. पोवारीचेही तेच. नव्या पिढीला ती कळते, पण उत्तर दुसऱ्या भाषेत येते.

राजकीय दर्जाचा प्रवास थोडक्यात असा. भोसल्यांचे नागपूर राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निघाला तेव्हा भंडारा जिल्ह्याचा (गोंदिया त्या काळी त्यातच होते) उत्तरेकडचा लांजीचा मुलूख तिकडे गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाबरोबर भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९९९ ला त्यातून गोंदिया वेगळा झाला. तालुके आठ : गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३,२२,५०७.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. देवरी आणि सालेकसा येथे गोंडांची दाट वस्ती असूनही जिल्ह्याचा कोणताही भाग पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात नाही, त्यामुळे ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा येथे लागू होत नाही. शेजारच्या गडचिरोलीत तो लागू आहे. आमगाव विधानसभा मतदारसंघ मात्र अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे आणि लोकसभेसाठी तो भंडारा-गोंदियात नव्हे, गडचिरोली-चिमूरमध्ये मोडतो.